संत अँथनी आणि बालयेशू : हरवलेल्या संताचे चित्र

स्पेनमधील सेव्हिल शहराच्या कॅथीड्रलमध्ये संत अँथनी यांच्या उपासनागृहाच्या भिंतीवर पाच मीटरांहून अधिक उंचीचे एक तैलचित्र आहे. बार्तोलोमे मुरिल्यो (१६१७-१६८२) याने १६५६ साली ते रंगविले. बरोक शैलीतील धार्मिक चित्रकलेचा हा एक श्रेष्ठ नमुना मानला जातो.

चित्राचा विषय साधा आहे. संत अँथनी यांचा जन्म लिस्बनचा. ते फ्रान्सिस्कन पंथाचे संन्यासी होते आणि १३ जून १२३१ रोजी इटलीतील पादुआ येथे निवर्तले. एकांतात प्रार्थना करीत असता बालयेशूने त्यांना दर्शन दिले, अशी आख्यायिका आहे. मुरिल्योने नेमका तो क्षण टिपला. टेबलावर पावित्र्यसूचक लिलीची फुले आहेत, उघड्या दारातून बाहेरचा उजेड दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत जाड्याभरड्या वस्त्रातील संत गुडघे टेकून बसले आहेत. वर देवदूतांच्या मेळ्यातून, सोनेरी प्रकाशात, बालक अवतरत आहे. संतांचे बाहू पसरलेले आहेत. पण बालक अद्याप त्यांच्या हाती आलेले नाही. या दोहोंमधील मोकळ्या जागेतच चित्राचा सारा प्राण आहे.

वारकरी परंपरेत भक्त हा लेकरू आणि देव ही माउली. येथे नाते उलटे आहे. देव तान्हा होऊन येतो आणि विरक्त संन्याशाच्या ठायी वात्सल्य जागे होते. यशोदा आणि बाळकृष्ण परिचित असलेल्या मराठी रसिकाला हा भाव परका वाटू नये. खुद्द मुरिल्यो दहा-अकरा वर्षांचा असतानाच पोरका झाला होता. शिवाय १६४९ च्या प्लेगमध्ये सेव्हिलची सुमारे निम्मी वस्ती मृत्युमुखी पडली होती. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी हे चित्र त्या नगरीसमोर आले.

हरवलेली वस्तू मिळवून देणारे संत म्हणून अँथनी यांची जगभर ख्याती आहे. या चित्राच्या वाट्याला मात्र विलक्षण योग आला. नोव्हेंबर १८७४ मध्ये चोरट्यांनी संतांची आकृती तेवढी कापून नेली. वर बालक तसेच राहिले, खाली केवळ भगदाड उरले. जानेवारी १८७५ मध्ये तो तुकडा न्यूयॉर्कमधील कलाविक्रेते विल्यम शाउस यांच्याकडे विक्रीला आला. त्यांनी तो ओळखला, २५० डॉलरना विकत घेतला आणि स्पेनच्या वकिलातीकडे सुपूर्द केला. त्याच वर्षी माद्रिदचे चित्रकार साल्व्हादोर मार्तीनेस कुबेल्स यांनी तो मूळ कॅनव्हासमध्ये पुन्हा बसविला.

बालक घेतलेले संत अँथनी गोव्यालाही चांगले परिचित आहेत. जुन्या गोव्यात त्यांच्या नावाचे चॅपेल आहे. तेथील मूर्तीला पोर्तुगीज सैन्यात कॅप्टनचा हुद्दा होता आणि त्यापोटी वेतनही दिले जाई. दरवर्षी १३ जूनला, पावसाच्या तोंडावर, गोव्यात त्यांचे फेस्त साजरे होते.

मूर्तीत बालक संतांच्या कडेवर विसावलेले असते. मुरिल्योने मात्र ते कवेत येण्याआधीची आस रंगविली. संतांची आकृती नाहीशी झाली, त्या काही महिन्यांत सेव्हिलच्या भाविकांनी तीच आस अनुभवली.