विडी वळणाऱ्या बायांचे ठराव

आजीच्या गोष्टींत तारखा नसायच्या. "आखाडाचे दिवस होते, कामठीहून पायीच निघालो, लुगडी अंगावरच भिजली, अंगावरच वाळली," एवढंच ती सांगायची. छापील तपशील मला पुढे सापडला: २० जुलै १९४२, नागपूरचं मोहन पार्क, अखिल भारतीय दलित महिला परिषद. वीस-पंचवीस हजार बाया जमल्याची नोंद आहे. त्यांतली एक आमची आजी.

ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, मजुरी हजाराच्या हिशेबानं. ठेकेदारानं छाट काढली की तेवढ्या विड्यांचे पैसे बुडाले, विचारायची सोय नाही. कामठीच्या बाबू हरदासांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. ते १९३९ मध्ये तरुणपणीच गेले. त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायांनी सभेला जाणं नवीन नव्हतं. नवीन होतं ते बायांनीच बोलावलेल्या सभेला जाणं.

वेगळी सभा का, याचंही उत्तर आजीकडे होतं. "जाईबाईला वेगळं जेवायला बसवलं ना!" १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरातच भरलं होतं. तिथे जाईबाई चौधरींचं पान बाजूला मांडलं गेलं. लहानपणी डोक्यावर ओझी वाहिलेली, एका मिशनरी बाईमुळे शिकलेली आणि मुलींची शाळा काढलेली ही बाई! दलित स्त्रियांनी लगेच निषेधाची सभा घेतली. आजी हे सांगायची तेव्हा इतक्या वर्षांनीही तिचा आवाज चढायचा. मला तो राग रास्त वाटतो. स्त्रियांच्या समतेसाठी भरलेल्या परिषदेत पंगत मात्र जातीची होती.

मोहन पार्कात अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील. सुलोचनाबाईंनी भर सभेत संततिनियमनाचा मुद्दा मांडला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात याच विषयावर आणलेला ठराव फेटाळला गेला होता. शहाण्यासुरत्या पुरुषांना जे पटलं नव्हतं, ते एक बाई माईकसमोर उभी राहून हजारो बायांना सांगत होती.

त्या सभेतल्या बाबासाहेबांच्या भाषणातल्या दोनच गोष्टींचं आजीला स्मरण होतं: पोरींच्या लग्नाची घाई करू नका, आणि नवऱ्याची दासी नाही तर मैत्रीण होऊन राहा. पहिली तिनं माझ्या आईच्या बाबतीत पाळली, मोहल्ल्याची बोलणी खाऊन. दुसरीबद्दल ती फारसं बोलायची नाही.

ठराव मी पुष्कळ पुढे वाचले, १९८९ साली आलेल्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकामुळे. घटस्फोटाचा हक्क हवा. पुरुषाच्या अनेक लग्नांना कायद्यानं बंदी हवी. गिरणीतल्या, विडीच्या, नगरपालिकेच्या, रेल्वेच्या कामगार बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, कामावर इजा झाली तर भरपाई, वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन. गिरण्यांतल्या बायांवर देखरेखीला बायाच नेमा. मुलींना वसतिगृहं द्या. कायदेमंडळात जागा द्या.

किती नेमक्या मागण्या आहेत या! उपकाराची भाषा कुठेच नाही. सुपावर वाकून पाठ मोडलेल्या बाईलाच निवृत्तिवेतन सुचतं. हिंदू विवाह कायद्यानं घटस्फोट आणि एकपत्नीत्व दिलं ते १९५५ मध्ये, या ठरावानंतर तेरा वर्षांनी.

मोहन पार्कातल्या सभेनंतर एकोणीस दिवसांनी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. त्याची तारीख मी शाळेत पाठ केली. मोहन पार्काचं नाव माझ्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

त्या सभेला आईचं बोट धरून गेलेल्या मुली आज नव्वदीच्या आसपास असतील. तुमच्या घरात, वस्तीत अशी कुणी असेल तर तिच्याजवळ बसा. सभेला कोण कोण गेलं, कोणत्या गावाहून, कामाचा खाडा कसा सोसला, हे विचारा, आणि नावांसकट लिहून ठेवा.