इलिया गाराशानिन : बासष्ट वर्षे झाकलेला एक मसुदा

एकोणिसाव्या शतकातील सर्बियन मुत्सद्द्यांत इलिया गाराशानिन याचे नाव अग्रभागी घेतले जाते. मला त्याच्याविषयी कुतूहल वाटते ते त्याने भूषविलेल्या पदांमुळे नव्हे, तर त्याच्या हातच्या एका छोट्या मसुद्यामुळे.

त्याचा जन्म १८१२ चा, गाराशी या खेड्यातला. आपल्याकडील ‘कर’ लागणाऱ्या आडनावांसारखेच त्याचे आडनावही गावावरून पडलेले. वडील व्यापारी. सर्बिया त्या काळी तुर्की सुलतानाचे मांडलिक संस्थान; खंडणी भरावी लागे आणि बेलग्रेडच्या किल्ल्यात तुर्की शिबंदी असे. १८४२ च्या सत्तांतराच्या धामधुमीत वडील मारले गेले. पुढच्याच वर्षी मुलगा गृहमंत्री झाला.

१८४४ साली त्याने ‘नाचेर्तानिये’ म्हणजे ‘रूपरेषा’ हे गुप्त टिपण तयार केले. मूळ आराखडा फ्रांटिशेक जाख या चेक गृहस्थाचा. त्यामागे प्रेरणा होती पॅरिसमधील निर्वासित पोलिश सरदार चार्तोरिस्की याची. तुर्की साम्राज्य कोसळणार, आणि आपण सावध नसलो तर ऑस्ट्रिया व रशिया त्याचे तुकडे वाटून घेणार, हा त्यातला मुख्य मुद्दा. जाखने जेथे ‘दक्षिण स्लाव’ लिहिले होते, तेथे गाराशानिनने बहुतेक ठिकाणी ‘सर्ब’ असा बदल केला आणि क्रोएशियाविषयीचा भाग गाळला. मात्र धर्मस्वातंत्र्याचे तत्त्व त्याने राखले.

१८५२ मध्ये तो पंतप्रधान झाला. पण रशियाच्या दडपणामुळे १८५३ मध्येच त्याला जावे लागले. १८६१ मध्ये राजे मिहाइलो यांनी त्याला परत बोलावले. १८६२ मध्ये तुर्की शिबंदीने किल्ल्यावरून बेलग्रेड शहरावर तोफा डागल्या. गाराशानिनने युद्ध न पुकारता युरोपातील दरबारांतून दबाव आणला, माँटेनेग्रो व ग्रीस यांच्याशी करार जुळवले. अखेर १८६७ च्या एप्रिलमध्ये किल्ल्याच्या किल्ल्या मिहाइलोंच्या हाती आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी गाराशानिनला पदच्युत केले! १८६८ च्या जूनमध्ये मिहाइलोंचा खून झाला, तेव्हा शहराकडे धाव घेऊन मंत्र्यांना सावध करणारा मनुष्य हाच पदच्युत गाराशानिन होता.

१८७४ मध्ये तो वारला. १८७८ च्या बर्लिन परिषदेत सर्बियाचे स्वातंत्र्य मान्य झाले, पण बोस्निया ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला. त्याची भीती अशी निम्मी खरी ठरली.

मसुदा छापून बाहेर आला तो १९०६ मध्ये. काहींना त्यात मुक्तीची योजना दिसते, काहींना शेजाऱ्यांना गिळू पाहणारी महत्त्वाकांक्षा. १९९० नंतर युगोस्लाव्हिया फुटताना हा वाद पुन्हा पेटला. मला वाटते, गाराशानिनला पुढच्या यादवीचा कर्ता ठरवणे अन्यायाचे होईल. त्याच्यासमोर तुर्की तोफा होत्या. पण एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घातला की कोण आत राहतो आणि कोण बाहेर जातो, हे त्या मसुद्याने दाखवून दिले. ज्यांच्या गल्लीत दोन भाषा नांदतात, त्या आपल्यासारख्यांना याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.