दोन नावांची गावे आणि एक महानगर

फ्रान्सच्या उत्तर टोकावरील लील या शहराला सीमेपलीकडचे फ्लेमिश लोक राय्सेल म्हणतात. बेल्जियममधील कोर्त्रेक फ्रेंच मुखात कुर्त्रे होते, आणि फ्रेंचभाषक तूर्नेला डच भाषेत दोर्निक हे नाव आहे. दोन नावे बाळगणाऱ्या या तीन शहरांच्या परिसराने २८ जानेवारी २००८ रोजी एक सामाईक संस्था स्थापन केली, तिचे नाव युरोमेट्रोपोलिस. दोन देशांत पसरलेल्या, सुमारे वीस लाख वस्तीच्या एका महानगराचा कारभार कोणी पाहायचा आणि कोणाच्या वतीने पाहायचा, हा प्रश्न या संस्थेच्या मुळाशी आहे.

येथली सीमा निसर्गाने आखलेली नाही. लील हे मूळचे फ्लँडर्समधील शहर. चौदाव्या लुईने ते १६६७ मध्ये जिंकून घेतले. पुढे १७१३ च्या उत्रेख्त तहाने कोमीन नावाचे गाव लीस नदीच्या दोन काठांवर दोन सत्तांत विभागले गेले, आणि ते आजही तसेच आहे. कोर्त्रेकजवळ ११ जुलै १३०२ रोजी फ्लेमिश नगरांच्या पायदळाने फ्रेंच सरदारांचा पराभव केला होता. हेंड्रिक कॉन्शन्सने १८३८ मध्ये या लढाईवर कादंबरी लिहिली आणि ती फ्लेमिश अस्मितेचा आधार ठरली. आजही ११ जुलै हा फ्लेमिश समाजाचा अधिकृत दिवस आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे एक गंमत ध्यानात घ्यावी: या कादंबरीकाराचे वडील फ्रेंच होते.

राजांनी आखलेली रेघ गिरण्यांनी पुसट केली. एकोणिसाव्या शतकात रूबे आणि तूर्क्वँ येथील लोकरीच्या धंद्याने बेल्जियममधील मजुरांना ओढून घेतले. १८७० नंतरच्या काळात रूबेच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक बेल्जियन होते. 'इंटरनॅशनल' या कामगारगीताला १८८८ मध्ये चाल लावणारा पिएर दगेतेर गेंटमध्ये जन्मला आणि लीलमध्ये कामगार म्हणून वाढला. पुढे रूबेचाच कादंबरीकार माक्सांस व्हान दर मेर्श याने गिरणीतला संप आणि सीमेवरची चोरटी आयात हे दोन्ही विषय १९३० नंतरच्या दशकात आपल्या लेखनात आणले. सीमा हा तेथे पोटापाण्याचा विषय होता, याची साक्ष त्याच्या कादंबऱ्या देतात. मालाबरोबर घाणही सीमा ओलांडत असे. लोकर धुतलेले पाणी एस्पियेर ओढ्यातून बेल्जियममध्ये जाई आणि त्यावरून दोन्ही सरकारांत दीर्घकाळ तक्रारी चालल्या. पाणी दोघांचे, पण जबाबदारी कोणाची, हे ठरवणारी सत्ता मात्र कोठेच नव्हती.

ती सत्ता निर्माण करणे इतके अवघड का गेले? आमच्या मते याचे उत्तर दोन्ही राज्यांच्या घडणीत आहे. बेल्जियमने १९६२-६३ मध्ये कायद्याने भाषिक सीमा पक्की केली. मूस्क्रों आणि कोमीन हे प्रदेश त्या वेळी पश्चिम फ्लँडर्समधून एनो प्रांतात गेले. पुढे नगररचनेसारखे विषय केंद्राकडून फ्लँडर्स आणि वॉलोनिया या प्रदेशांकडे आले. फ्रान्समध्ये मात्र सत्ता पॅरिसमध्ये एकवटलेली. विकेंद्रीकरणाचा कायदा १९८२ मध्ये झाला, तो पिएर मोर्वा पंतप्रधान असताना. लीलच्या महापौराने एखाद्या रस्त्याविषयी बोलायचे, तर समोर कोण बसणार? पलीकडचा महापौर, की प्रादेशिक मंत्री? हुद्द्यांची जोडी जुळत नाही, म्हणून साधी बैठकही राजनैतिक प्रश्न होऊन बसते.

१९९१ मध्ये लीलची नगरसंस्था आणि बेल्जियममधील आंतरनगर संस्था यांनी एक स्थायी परिषद स्थापन केली. तिने अभ्यास केला, ओळखी वाढवल्या. पण कायदेशीर अधिकाराविना ती सल्लाच देऊ शकली. २००२ च्या फ्रान्स-बेल्जियम कराराने आणि युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने तो अडथळा दूर झाला. त्या नियमानुसार युरोपात स्थापन झालेली पहिली संस्था हीच. लीलचे महापौरपद अठ्ठावीस वर्षे सांभाळलेले मोर्वा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

तिची रचना समतोलाच्या काळजीने भारलेली आहे. स्थापनेच्या वेळी सभासद १४ होते: फ्रेंच राज्य आणि बेल्जियन राज्य यांपासून प्रांत आणि आंतरनगर संस्थांपर्यंत. फ्रेंच आणि बेल्जियन यांना समान जागा, बेल्जियनांत फ्लेमिश आणि वॉलोन यांना समान जागा; अध्यक्षपद फिरते; कामकाज दोन भाषांत. नोंदणीकृत कार्यालय लीलमध्ये, तर प्रशासकीय कचेरी कोर्त्रेकमध्ये, म्हणजे १३०२ च्या रणभूमीशेजारी. मात्र या समतोलाची किंमतही आहे. ही संस्था स्वतः कर लावत नाही, आणि नागरिक तिला थेट निवडून देत नाहीत. सर्वांची संमती मिळवण्यात तिची बरीच शक्ती खर्च होते, आणि लोकांना तिची ओळख होणे कठीण जाते.

२००५ च्या आरोग्यकरारामुळे सीमेवरील रुग्णांना पलीकडच्या रुग्णालयाची दारे उघडली. हे सहकार्याचे सर्वांत बोलके फळ. पण मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात ब्रुसेल्सने सीमा बंद केली, तेव्हा गल्लीबोळांतील रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. त्या क्षणी सीमेची मालकी कोणाकडे आहे, ते स्पष्ट झाले: ती राज्यांकडेच होती.

सीमाप्रश्न म्हटला की मराठी वाचकाला बेळगाव आठवते. तेथील वाद रेघ कोठे असावी याचा आहे, लीलमध्ये रेघ मान्य करूनच संसार थाटायचा आहे. हा संसार अपुरा आहे, हे खरे. तरीही ज्या भूमीने सात शतके एकमेकांविरुद्ध आठवणी जपल्या, तिने निदान बैठकीचे टेबल एकत्र मांडले. त्या टेबलाभोवती नागरिकालाही जागा मिळेल काय, हा प्रश्न पुढील इतिहासाने सोडवायचा आहे.