परदेशच्या शिक्षणाची मिळकत

मुलगा परदेशी शिकायला निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न होतो पदवीचा आणि दुसरा पगाराचा. हे प्रश्न गैर नाहीत. पण तेवढ्यावर हिशेब मिटविला तर मोठी रक्कम वहीत चढवायचीच राहते, असे आम्हांला वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

१९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती पाठीशी होती. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला, तो जन्माचा. सेलिग्मन, जॉन ड्युई ह्यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध त्यांनी तिथे वाचला. घरात राहून घराचा आराखडा दिसत नाही; तो दुरून दिसला.

पण खरी कमाई ह्याहून निराळी होती. त्यांनीच पुढे आठवणींत लिहिले आहे, की परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती. अमेरिका म्हणजे काही स्वर्ग नव्हे. काळ्या माणसाची तिथे काय दैना होती हे जगाला ठाऊक आहे. तरी पंगतीला बसताना ह्या तरुणाची जात तिथे कोणी विचारीत नव्हते.

१९१७ साली ते परतले. शिष्यवृत्तीच्या करारात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती, म्हणून बडोद्यास रुजू झाले. राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी उतारशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात आले. दोघा मित्रांकडे आसरा मागितला. तोही मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना करार वाचायची सवय आहे. हा करार कोणी मोडला? विद्यार्थी तर कामावर हजर होता. ज्यांच्या गावी तो आला, त्यांना त्याला एक खोली देता आली नाही.

आणि पाहा, न्यूयॉर्कला मित्र झाला तोही पारशी, बडोद्याला काठी घेऊन आले तेही पारशी. तेव्हा दोष जमातीत नव्हे, ज्या हवेत माणसे राहतात त्या हवेत. १९२० साली पुन्हा लंडनला जाताना ह्याच भथेनांनी त्यांना कर्जाऊ पैसे दिले.

माणूस म्हणून जगून पाहिलेल्याला पुन्हा खाली बसविता येत नाही. जे मिळाले ते एकट्याचे होते, पण त्यांनी ते एकट्यापुरते ठेवले नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, ते १९४६ सालच्या त्या खात्याच्या विधेयकाने.

म्हणून परदेशाहून परतलेल्या मुलामुलींना पदवी विचारा, पगारही विचारा. पण तिथे त्यांना कोणी कसे वागविले, आणि आता ती इथे इतरांना कशी वागवणार, हेही एकदा विचारा.