चौकटीचा कोपरा

फ्रेम जोडायचं मशीन घ्यायला निघालेला माणूस सगळं लक्ष मशीनवर देतो. त्याला लागणारे खिळे, वरून दाबणारं रबर, पट्टी टेकवायचा काटकोनी आधार हे सगळं उरलेल्या पैशांत, घाईघाईनं घेतो. नांदेडच्या वजिराबादेतलं वडिलांचं दुकान आणि आता विष्णुपुरीतलं माझं, असा दोन पिढ्यांचा हा धंदा. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की फ्रेम किती वर्षं टिकणार हे या किरकोळ समजल्या जाणाऱ्या वस्तूच ठरवतात. आमच्या भागात कोपरा जोडण्याची रीत कशी बदलत गेली ते पाहिलं की हे पटतं.

भिंतीवर देवाची तसबीर लावायची चाल घरोघर गेली ती छापील चित्रं स्वस्त झाल्यावर. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींनी साध्या माणसाच्या घरात जागा मिळवली. टाक आणि मूर्ती यांना चौकट लागत नव्हती. कागदाला मात्र चुलीचा धूर, वाळवी आणि ओल यांपासून जपावं लागतं. म्हणून काच आली, आणि काच धरायला चार पट्ट्या.

नांदेडला याहून वेगळं एक कारण होतं. गुरू गोविंदसिंगजी 1708 साली इथेच निजधामाला गेले. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला. पंजाबातून येणारा भाविक गुरूंची तसबीर मढवून गावी घेऊन जातो. भिंतीवर निवांत लटकणारी फ्रेम आणि सचखंड एक्स्प्रेसमध्ये ट्रंकेखाली दबून अमृतसरपर्यंत जाणारी फ्रेम यांत फार अंतर आहे. गाडीतला प्रत्येक हादरा कोपऱ्यावर येतो. नांदेडच्या कारागिराला पक्का कोपरा जमणं भागच होतं.

वडील किनवटकडचं सागवान वापरत. लाकडी साच्यात पट्टी धरून हातकरवतीनं तिरका काप घ्यायचा. सरस पाण्यात भिजत घालायचा, मग डबा गरम पाण्यात ठेवून वितळवायचा. दुकानभर त्याचा उग्र वास. सरस कोमट झाला की धरत नाही, म्हणून हात भराभर चालायला हवा. मग बाजूनं बारीक चुका ठोकायच्या, त्यांचं डोकं खिळ्याच्या टोकानं आत बसवायचं आणि खड्ड्यात लाकडाचा भुसा सरसात कालवून भरायचा. पट्टीच्या टोकाशी चूक जरा तिरकी गेली की लाकूड चिरलंच. 1959 साली फेविकॉल बाजारात आलं आणि हळूहळू सरसाचा डबा चुलीवरून उतरला. चुका मात्र राहिल्या.

विष्णुपुरीत 1981 साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि 17 सप्टेंबर 1994 रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. तेव्हापासून इथल्या फ्रेमवाल्याकडे देवांइतकीच पदवीची प्रमाणपत्रं येतात. घरातली पहिली पदवी असली की वडील स्वतः घेऊन येतात, पट्टी बोटानं चाचपून पाहतात. बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो तर मराठवाड्यात मोठ्या आकारातच मागतात. मोठी फ्रेम म्हणजे जड काच, आणि तिचं ओझं खालच्या दोन कोपऱ्यांवर.

कोपरा जोडायचं काम आता खालून व्ही आकाराचा खिळा मारणारं मशीन करतं. खिळा दोन्ही पट्ट्यांत अर्धा अर्धा शिरतो आणि बाहेरून दिसत नाही. पण खिळ्यांत निवड आहे. सागवानासारख्या टणक लाकडाचा खिळा वेगळा, मऊ लाकडाचा वेगळा. साधारणपणे 7, 10, 12, 15 मिलिमीटर अशा उंचीचे मिळतात. पट्टीच्या जाडीच्या अर्ध्याहून थोडा जास्त असा खिळा घ्यावा; जाड पट्टीत एकावर एक दोन मारावेत. धारेची बाजू वर हवी, उलटी बसली तर लाकूड फुटतं. खिळा ढकलणारं लोखंडी टोक त्याच मापाचं लागतं. सोनेरी पट्टीवर मऊ रबर लावावं, नाहीतर वर्ख दबून डाग उरतो. फायबरच्या पट्टीला फेविकॉल धरत नाही, तिचा डिंक निराळा. आणि हवेच्या दाबावर चालणारं मशीन असेल तर कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी गाळणी बसवलीच पाहिजे. भारनियमनाच्या वर्षांत पायानं दाबायच्या मशीनवर आमच्यासारख्यांची दुकानं चालू राहिली. लहान दुकानासाठी मी आजही तेच सुचवतो.

कोपरा सुटायला आमची हवाही कारण आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीच्या वर जातो, लाकूड रुंदीत आकसतं आणि कोपरा आतल्या बाजूनं उघडतो. पावसाळ्यात ते फुगतं, मग फट बाहेरच्या टोकाला दिसते. एकच खिळा कडेला मारला असेल तर ही ओढाताण त्याला पेलत नाही. दोन मारावेत, एक आतल्या कोपऱ्याजवळ आणि एक बाहेरच्या टोकापासून थोडं अंतर राखून.

नव्यानं दुकान टाकणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच, मशीन जुनं घेतलं तरी चालेल, पण खिळे, टोक आणि रबर नवं आणि आपल्या पट्टीच्या मापाचं घ्या. दुकानदार जे पुढे करेल ते उचलू नका. आपल्या पट्टीचे दोन तुकडे सोबत न्या, त्याच्यासमोर जोडायला लावा आणि हातानं ओढून बघूनच पैसे द्या.