वर्गात वर गेलेला हात

स्टुडंट एक्स्चेंजमधून जर्मनीत गेलेल्या आपल्याकडच्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी भाषेच्याही आधी अडचण येते ती हाताची. बाईंनी प्रश्न विचारला की पंजा उघडून हात वर करायचा, ही आपली लहानपणापासूनची सवय. तिथली मुले मात्र फक्त तर्जनी वर करतात. पाहुण्या मुलाला कोणी रागावत नाही. शेजारचा मुलगा स्वतःचे बोट वर करून दाखवतो, आणि तेवढ्यावर ते भागते.

असे का, म्हणून विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते की उघडा पंजा नाझी सलामासारखा दिसतो. उत्तर सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. बोट वर करायची शिस्त जर्मन शिक्षकांसाठीच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतच सापडते. हिटलर तेव्हा जन्मलाही नव्हता. पण १९३३मध्ये वर गेलेल्या हाताला जो अर्थ चिकटला, तो आजही सुटलेला नाही, हे खरे.

त्याच वर्षी शरद ऋतूत बारा वर्षांचा एक परका मुलगा दक्षिण जर्मनीतल्या सालेम इथल्या निवासी शाळेत दाखल झाला. कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या जुन्या सिस्टर्शियन मठात ही शाळा भरे. मुलगा इंग्लंडमधल्या चीम शाळेतून आला होता. आई आजारी, वडील दूर, चारही बहिणी जर्मन घराण्यांत दिलेल्या. त्यांतली थिओडोरा सालेमच्याच मालकांच्या घरात. म्हणजे फीचा प्रश्नही सुटला. हाच मुलगा पुढे ब्रिटनच्या राणीचा पती, प्रिन्स फिलिप, म्हणून जगाला माहीत झाला.

तो पोचला तेव्हा शाळा ज्यांनी उभी केली, ते कुर्ट हान तिथे नव्हते. हान ज्यू कुटुंबातले. १९३२च्या ऑगस्टमध्ये पोटेम्पा गावात नाझींनी एका कम्युनिस्ट मजुराला त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत ठार मारले आणि हिटलरने मारेकऱ्यांची पाठराखण केली. तेव्हा हान यांनी माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून सांगितले की सालेम किंवा हिटलर, यांतले एकच निवडा. मार्च १९३३मध्ये त्यांना अटक झाली, जुलैत त्यांनी देश सोडला. शाळा मात्र चालू राहिली. शाळा अशा वेळी चालूच राहतात, याचेच मला सर्वांत जास्त भय वाटते.

फिलिपबद्दल सांगतात ते असे. सालेममध्ये नाझी सलाम पाहून त्याला हसू आवरेना, कारण चीममध्ये मुतारीला जायची परवानगी मागताना मुले नेमका तसाच हात वर करीत. बारा वर्षांच्या मुलाचे ते हसू घरच्यांना धोक्याचे वाटले असेल तर नवल नाही. पुढच्याच वर्षी तो हान यांनी स्कॉटलंडमध्ये काढलेल्या गॉर्डनस्टन शाळेत गेला. त्याच्या वर्गातल्या जर्मन मुलांना जायला दुसरी शाळा नव्हती. त्या काळात जर्मनीभर तासाच्या आरंभी आणि शेवटी शिक्षक व मुले एकमेकांना तोच सलाम करू लागली होती.

१९४५नंतर तो हात खाली आला. पूर्व जर्मनीत मात्र दुसऱ्या तऱ्हेने पुन्हा वर गेला: यंग पायोनियर मुले उजवा हात डोक्यावर धरून ‘सदैव सज्ज’ असे ओरडत. आता साध्या ‘गुटन मॉर्गन’वर तास सुरू होतो आणि पुष्कळ वर्गांत मुले उठून उभीही राहत नाहीत. आपल्या मुलांना हे चमत्कारिक वाटते.

एक्स्चेंजची कल्पना युद्धानंतर मैत्रीसाठी जन्मली असे सहसा सांगितले जाते. पण ओटो आबेट्झ नावाच्या चित्रकला-शिक्षकाने १९३०मध्येच ब्लॅक फॉरेस्टमधल्या झोलबर्ग डोंगरावर फ्रेंच आणि जर्मन तरुणांचे शिबिर भरवले होते. दहाच वर्षांनी तोच आबेट्झ व्याप्त पॅरिसमध्ये हिटलरचा राजदूत होता, आणि १९४९मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांसाठी वीस वर्षांची शिक्षा दिली. शिबिरात एकत्र गाणी म्हटल्याने कोणी सुधारतेच असे नाही.

तरीही २२ जानेवारी १९६३ला आडेनाउअर आणि द गॉल यांनी एलिझे करारावर सही केली आणि त्याच वर्षी जुलैत दोन्ही देशांची संयुक्त युवक-संस्था उभी राहिली. तिच्या योजनांतून आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनी भाग घेतला आहे. आधीच्या खेपेपेक्षा वेगळे ते एवढेच की या वेळी मुले थेट एकमेकांच्या घरी राहू लागली आणि शेजारी बसून गणिताच्या तासाला कंटाळू लागली. महिनाभराने उलट पाहुणचार. आपल्याकडे जर्मन शिकवणाऱ्या शाळांतली मुले आज जातात ती याच धाटणीच्या योजनांतून.

जाणाऱ्या मुलांच्या दप्तराबद्दल एक सांगावेसे वाटते. आपल्याकडे नव्या वहीच्या पहिल्या पानावर आजी स्वस्तिक काढून देते. जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमानुसार नाझी चिन्हे आणि तो सलाम जाहीरपणे वापरणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आजीचे स्वस्तिक त्यात मोडत नाही, पण शेजारी बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला ते कसे कळावे? अशा वेळी वही झटकन मिटू नये. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये का होईना, आजी, कुंकू, दिवाळी असे सांगत सुटावे. नववी-दहावीत त्यांच्या इतिहासाच्या तासाला नाझी काळ शिकवतात. तिथे पाहुण्याने बोलायचे ठरवले, तर तर्जनी वर करावी.