साचे

गिरणीत मागाला साचा म्हणतात. चार साचे चालवतो म्हणजे चार मागांवर उभा राहतो. आणि अंबरनाथच्या शिवमंदिराच्या शिल्पांची जी उलटी छाप एकेकाळी काढून नेली, तिलाही साचाच म्हणतात. या दोन साच्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कोणीही विचारील. संबंध आहे. दोन्ही एकाच जत्रेशी बांधलेले आहेत. त्या जत्रेचं नाव जागतिक प्रदर्शन.

दोस्तहो, तुम्ही म्हणाल, वस्तीत पाण्याचा प्रश्न आहे, शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि हा लंडन-पॅरिसची जत्रा कुठून काढतोय? काढतो. कारण जगात कोण दाखवणारा आणि कोण दाखवायची वस्तू, याची वाटणी त्या जत्रेत मोठ्या प्रमाणावर झाली. ती वाटणी अजून मोडलेली नाही.

पहिली मोठी जत्रा १८५१ ची. लंडनच्या हाइड पार्कात लोखंड आणि काच वापरून एक अवाढव्य महाल उभा केला. १ मे ते १५ ऑक्टोबर, सुमारे ६० लाख माणसं बघून गेली. सुरुवातीला तिकीट महाग होतं. मग आठवड्यातले काही दिवस एक शिलिंग केलं, आणि कामगार बायकापोरांसकट रेल्वेनं आले. तीनच वर्षांपूर्वी, १८४८ साली, युरोपभर क्रांत्या पेटल्या होत्या. एवढा कामगार एका जागी जमला तर दंगा होईल, अशी मालकलोकांना धास्ती होती. दंगा झाला नाही. कामगार रांगेत उभे राहिले आणि ज्या यंत्रांवर स्वतः राबत होते तीच यंत्रं पैसे भरून बघून गेले. मालकांना एक गोष्ट कळली: माणसाला दिपवून टाकलं की तो प्रश्न विचारत नाही.

हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीनं मांडला होता. पंजाबच्या पोरवयाच्या राजाकडून १८४९ साली घेतलेला कोहिनूर पिंजऱ्यात ठेवलेला. पेंढा भरलेल्या हत्तीवर अंबारी. ढाक्याची मलमल. आणि कच्चा माल: कापूस, नीळ, लाकूड, धान्य. दुसऱ्या बाजूला लँकेशायरची सूतकताईची यंत्रं प्रत्यक्ष चालत होती. त्यांवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव ठळक. मलमल विणणाऱ्या कोष्ट्याचं नाव कुठं? तो नुसता ‘हिंदी कारागीर’. एका बाजूला बुद्धी, दुसऱ्या बाजूला हात आणि माल, अशी ती मांडणी.

ही नुसती शोभा नव्हती, धंदा होता. पुढं १८६६ साली इंडिया ऑफिसच्या फोर्ब्ज वॉटसन नावाच्या माणसानं हिंदी कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. असे २० संच केले. १३ विलायतेत ठेवले, ७ इकडं पाठवले. हेतू उघड सांगितलेला: इथले लोक काय नेसतात, कसं नेसतात हे विलायतेच्या गिरणीवाल्याला कळावं, म्हणजे तो तसंच कापड काढून इथं विकील. लुगड्याचा तुकडा प्रदर्शनात गेला आणि कोष्ट्याच्या पोटावर पाय आला.

आता पहिला साचा बघा. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायची कंपनी केली. १८५६ मध्ये ताडदेवला ती चालू झाली. यंत्रं आली ओल्डहॅमच्या प्लॅट कारखान्याकडून. हेच प्लॅट घराणं १८५१ च्या जत्रेत यंत्रं मांडून बसलं होतं. जत्रेत बघितलेलं यंत्र पाच वर्षांत आपल्या दारात आलं. त्यामागोमाग कोकणातून, घाटावरून माणूस आला. आपलाही आला.

यंत्र जात मानत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मुंबईच्या गिरणीनं ते खोटं ठरवलं. सूतखात्यात आपल्या माणसाला घेत होते, पण विणाई खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं दार बंद. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचा. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसरा तोंडाला कसा लावील? जगाच्या जत्रेतून आलेलं यंत्र आणि गावकुसातून आलेली शिवाशिव, दोघांची गाठ त्या वीतभर धोट्यावर पडली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. विणाई खात्याच्या दारात उभं राहून बघितलं, की हे दोघं एकमेकांचे कसे सोयरे आहेत ते कोणालाही दिसतं. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून मिटल्या. मी लहानशा गिरणीत साच्यावर उभा राहतो, तेव्हा हा हिशेब माझ्या डोक्यात असतो.

दुसरा साचा आपल्या अंगणातला. अंबरनाथचं देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं, शके ९८२, म्हणजे १०६० सालचं. वालधुनीच्या काठी. आता १८६७ सालची पॅरिसची जत्रा घ्या. तिथं युरोपच्या राजघराण्यांतल्या लोकांनी करार केला, की जगातल्या नामी कलाकृतींच्या नकला काढायच्या आणि एकमेकांच्या संग्रहालयांना द्यायच्या. त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारनंही जुन्या इमारतींचे साचे, नकाशे आणि फोटो काढायचं काम हाती घेतलं. १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मंडळी टेरी नावाच्या साहेबाच्या देखरेखीखाली अंबरनाथला आली. त्यांनी भिंतीवरल्या देवदेवतांचे साचे घेतले.

ज्या काळात आपल्या माणसाची सावली देवळाच्या पायरीला चालत नव्हती, त्या काळात साहेबाच्या हुकमानं देवाच्या तोंडावर साचा चढला, आणि देव बाटला अशी बोंब उठली नाही. मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं. सत्तेचा हात लागला की दगड बाटत नाही. राबणाऱ्याचा लागला की बाटतो. विटाळाचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत उघडं पडतं.

बुद्धाचंही तेच केलं. १८६९-७० मध्ये सांचीच्या पूर्वेकडच्या तोरणाचा साचा घेतला. घेणारा अधिकारी १८५१ ची जत्रा उभी करणाऱ्या हेन्री कोलचा मुलगा. तोरणाची पुरी नक्कल १८७१ च्या लंडनच्या प्रदर्शनात उभी राहिली. अजिंठ्याची चित्रं रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं बसून उतरवली. त्यातली बहुतेक १८६६ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग ग्रिफिथ्स आणि जे. जे. ची पोरं १८७२ पासून पुन्हा उतरवायला बसली. त्यातलीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाली. लंडनच्या लोकांनी तिकीट काढून बुद्ध बघितला. आपल्या माणसाला बुद्ध हातात मिळाला तो १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मधली ऐंशी-नव्वद वर्षं तो आपल्या डोंगरात असून आपला नव्हता.

वस्तूंनंतर माणसं मांडली. १८८६ साली लंडनला वसाहतींचं प्रदर्शन झालं. त्यात हिंदी कारागीर बसवले होते: विणकर, कुंभार, गालिचेवाले. लोक कौतुक करत होते. यातले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातले, तिथंच हुन्नर शिकलेले. तुरुंगातला माणूस ‘प्राचीन ग्रामीण कारागीर’ म्हणून मांडला. १८८९ मध्ये पॅरिसला आयफेल टॉवरच्या जत्रेत आफ्रिकी माणसांचं ‘गाव’ बसवलं. १९०४ साली सेंट लुइसच्या जत्रेत काँगोचा ओटा बेंगा दाखवला, आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात त्याला माकडांच्या घरात ठेवला. दहा वर्षांनी त्यानं जीव दिला.

लांब कशाला, भायखळ्याला राणीच्या बागेतलं संग्रहालय बघा. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी जमवलेल्या मालातून ते सुरू झालं, १८७२ मध्ये आताच्या इमारतीत उघडलं, १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. तिथं मातीचे छोटे पुतळे आहेत. हा अमुक जातीचा, हा तमुक धंद्याचा, ही त्याची पगडी. बघायला गोजिरे. पण पुतळ्याला जात आहे, धंदा आहे, माणसाचं नाव नाही. हा तिसरा साचा. जात म्हणजे माणसं ओतायचा साचा. जत्रेनं जात निर्माण केली नाही, ती मनूच्या घरची. जत्रेनं तिला काचेचं कपाट दिलं आणि खाली चिठ्ठी लावली, म्हणजे ती शास्त्रशुद्ध दिसू लागली.

आता उलट बाजू सांगतो, कारण नुसतं रडायला हा कागद काळा केलेला नाही.

१८९३ ची शिकागोची जत्रा. तिथल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, हे शाळेत आपल्याला पाठ करायला लावतात. त्याच जत्रेत काळ्या लोकांनी काय केलं ते कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या त्या झगमगाटात काळ्यांना स्वतःची म्हणून जागा नव्हती. फ्रेडरिक डग्लस, जन्मानं गुलाम, म्हातारा झालेला, हैती देशाचा प्रतिनिधी म्हणून तिथं होता. आयडा बी. वेल्स तिशीतली पत्रकार, झुंडीनं माणसं मारण्याविरुद्ध लिहिणारी. या दोघांनी आणि सोबत्यांनी वर्गणी जमवून एक पुस्तिका छापली. काळा अमेरिकन या प्रदर्शनात का नाही, हाच तिचा विषय. हैतीच्या दालनातून तिच्या हजारो प्रती फुकट वाटल्या. २५ ऑगस्टला काळ्यांसाठी म्हणून एक ‘खास दिवस’ ठेवला होता. वेल्सला तो अपमान वाटला, ती गेली नाही. डग्लस गेला आणि त्यानं भाषणात सरकारची सालटी काढली. ते वाचून वेल्स त्याच्याकडं गेली आणि तिनं त्याची माफी मागितली. मतभेद होता, फाटाफूट झाली नाही. आपल्या गटागटांतल्या दोस्तांनी हे दोनदा वाचावं.

पुढं १९०० साल, पॅरिस. सुमारे पाच कोटी लोकांनी बघितलेली जत्रा. तिथं काळ्या अमेरिकनांचं स्वतःचं दालन लागलं. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या प्राध्यापकानं अटलांटाच्या विद्यार्थ्यांना घेऊन हातानं रंगीत तक्ते काढले. काळ्यांकडं जमीन किती, शाळेत पोरं किती, लिहितावाचता येणारे किती, कोण काय काम करतं. सोबत ३६३ फोटो: घरं, दुकानं, माणसं, ताठ मानेनं बसलेली. पैसे नव्हते, म्हणून डुबॉइस जहाजाच्या सगळ्यात खालच्या वर्गानं गेला आणि दालन मांडलं. त्याला सुवर्णपदक मिळालं. ज्या जत्रेनं काळ्याला पिंजऱ्यात बघितलं, तिथंच काळ्यानं आपला हिशेब मांडला. याच डुबॉइसला बाबासाहेबांनी जुलै १९४६ मध्ये पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, आपल्यालाही तसंच करायचं आहे म्हणून. आपला आणि त्यांचा धागा असा जुना आहे.

मग आपण काय मांडायचं? उल्हासनगरात ‘मेड इन यूएसए’ची थट्टा सगळ्यांना माहीत आहे: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. लष्कराच्या छावणीत आलेल्या निर्वासितांनी १९४९ पासून हे शहर उभं केलं आणि बाजाराला शिक्का काय असतो ते दाखवलं. अंबरनाथच्या विम्कोची आगपेटी घराघरात गेली. शिक्का कंपनीचा, काडी कुणाच्या हातची ते पेटीवर नसायचं. या तिन्ही गावांची गटारं कोण उपसतं, कारखान्याच्या टाकीत कोण उतरतं, २६ जुलै २००५ ला वालधुनी चढली आणि २०१९ च्या जुलैत बदलापुरात उल्हास घुसली तेव्हा चिखल कोणी काढला, हे कुठल्या प्रदर्शनात लागलंय?

माझं म्हणणं असं. येत्या १४ एप्रिलला मांडव घाला, निळे झेंडे लावा, गाणी होऊ द्या. पण मांडवाची एक बाजू मोकळी ठेवा. तिथं तक्ते लावा. आपल्या वस्तीत सफाई कामगार किती, त्यात कायम किती, ठेक्यावर किती. दहावीनंतर किती पोरींची शाळा सुटली, आणि का. नदीकाठी किती घरं. गिरणीत, कारखान्यात किती जण, कुठल्या खात्यात. घरोघर जाऊन मोजा, अंदाजानं लिहू नका. एक आकडा खोटा निघाला तर बाकीचे नव्व्याण्णव मेले. फोटो लावाल तर विचारून लावा, आणि खाली त्या माणसाचं नाव लिहा, त्याला हवं तसं. आपलीच म्हातारी ‘दलित स्त्री’ अशी चिठ्ठी लावून भिंतीवर टांगली तर आपणही भायखळ्याचं कपाटच केलं.

सामान फार लागत नाही. पांढरे पुठ्ठे, स्केचपेनं, मोजपट्टी आणि संध्याकाळी दोन तास फिरणारी सहा पोरं-पोरी. उल्हासनगरच्या पाच कँपांत, अंबरनाथला पूर्व आणि पश्चिम, बदलापुरात स्टेशनच्या दोन्ही बाजूंना एकेक गट धरला तर महिन्यात काम होतं. प्रत्येक गटात एक तरी मुलगी असावी, नाहीतर बायका दारातूनच उत्तर देतात. रविवारी मला सुट्टी असते. पहिला रविवार अंबरनाथला माझा धरा.